गळ्यातली किल्ली

एक

पेटी रिकामी होती. आत तांबड्या मखमलीवर सोन्याच्या कड्यांचे वण उमटलेले, आणि बाकी काही नाही.

तुरिया पेटीसमोर फरशीवर बसली होती. हातांवरची मेंदी नुकतीच धुतलेली, बोटांवरून अजून पाणी ठिबकत होतं, आणि पेटीची इवलीशी किल्ली तिच्याच गळ्यात लोंबत होती. बाई रडली नाही की ओरडली नाही. ओरडायचं काम तिच्या होणाऱ्या विहीणबाईंनी, लल्ला नजियांनी, अंगावर घेतलं आणि असं पार पाडलं की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

पाहुणघराची मालकीण झोहर, तिलाही सगळे मानाने लल्लाच म्हणत, धापा टाकत जिना चढून आली, तोवर खोलीत सगळा गोतावळा जमला होता. तुरियाची लेक, नवरी मुलगी शामा, गुडघ्यांवर वाकून पलंगाखाली बघत होती. तिचे अनवाणी तळवे भाजलेल्या विटेसारखे लाल दिसत होते. तिचा भाऊ अन्वार नाश्त्याला आणलेल्या, दोरीत ओवलेल्या गोल तळीव स्फेंजची माळ हातात धरून दारात उभा होता. स्फेंज पार गार झाले होते. आणि त्याच्या मागे, कोमट पाण्याची दोन तांब्याची भांडी घेऊन, इत्तो. झोहरचं घर गेली कित्येक वर्षं चालतं ते हिच्या जिवावर.

"बाहेरचं दार रात्रभर बंद होतं," नजिया म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता, आणि तो जास्त वाईट होता. "पेटीचं कुलूप फोडलेलं नाही. आम्हा तिघींचे हात मेंदी लावून फडक्यात बांधलेले. मग मोकळे हात कुणाचे होते, ते मी बोलून दाखवायला हवं का?"

"नका दाखवू," झोहर म्हणाली. "बोललेलं परत तोंडात जात नाही, लल्ला."

पण नजियांची नजर आधीच बोलून मोकळी झाली होती, आणि ती इत्तोवर खिळली होती. दुपारच्या बांगेपर्यंत पेटीतला सोन्याचा कंबरपट्टा समोर आला नाही तर त्या पोलिसांना बोलावणार होत्या. राजधानीत, रबातमध्ये, त्यांच्या माहेरचा कुणीतरी मोठ्या हुद्द्यावर होता, हे त्यांनी कालपासून निदान चार वेळा ऐकवलं होतं. आज पाचव्यांदा ऐकवलं.

पोलिसांची भीती झोहरला स्वतःसाठी नव्हती. इत्तोला एकदा असंच नेलं होतं. तेव्हा ती दुसऱ्या एका घरी कामाला होती. तिथलं एक कंकण हरवलं आणि इत्तो सात महिने आत बसली. मग कंकण कपाटामागे सापडलं. कुणी तोंडदेखलंसुद्धा चुकलं म्हणालं नाही. सुटून डोंगरातल्या गावी गेली तर तिची दोन वर्षांची पोर मावशीला आई म्हणायला लागली होती. ती आजही मावशीलाच आई म्हणते. एकदा नाव लागलेल्या बाईला दुसऱ्यांदा कुणी काही विचारत बसत नाही, सरळ आत घालतात. हे झोहरला कळत होतं आणि इत्तोला तर तिच्याहून जास्त.

इत्तोने भांडी खाली ठेवली, पुढ्यातलं फडकं सोडून त्याची नीट घडी घातली आणि हळूच विचारलं, "लल्ला, लोकरीचा झगा घालू का? तिथे उन्हाळ्यातही फरशी गार असते."

दोन

आदल्या दिवशी यातलं काही नव्हतं. मंडळी दोन दिवसांसाठी फेस शहरात आली होती ती मजा करायला आणि लग्नाची खरेदी करायला. तुरिया आणि तिची दोन मुलं केनित्राहून, नजिया रबातहून, सगळे अन्वारच्या गाडीतून. नजियांचा वाटाड्यांवर विश्वास नव्हता, म्हणून झोहरलाच बरोबर घेतलं होतं.

उत्तरेच्या किल्ल्यावरून त्यांनी शहर पाहिलं. चामडी कमावण्याच्या हौदांवर दुकानदाराने नाकाला लावायला पुदिना दिला तेव्हा नजिया म्हणाल्या, असल्या वासाचं मला काही वाटत नाही. आणि मग पहिल्याच गच्चीवर मळमळून पांढऱ्याफटक पडल्या. शामाला खुदकन हसू आलं. पोर हसली की गोड दिसायची. कफ्तानसाठी मोतिया रंगाचं कापड झालं, सपाता झाल्या, तांबटांच्या चौकातून चहाचं मोठं तबक झालं, मेंदीच्या बाजारातून मेंदी झाली. संध्याकाळी इत्तोने कबुतराचं मटण भरलेली पापुद्र्यांची बस्तिला केली, वर साखर आणि दालचिनी. तुरियाने दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. किल्ल्यावरून उतरताना गाडीत बिचारी म्हणाली होती की नवऱ्याच्या आजारपणापासून तिची झोपही गेली आणि भूकही. आता नवरा जाऊन दोन वर्षं झाली तरी नळ ठिबकला की तिला जाग येते. म्हणून तर तिने चौकातल्या कारंज्यापासून लांबची खोली मागून घेतली होती.

जेवणानंतर मेंदीवाली आली. एका वाटीतल्या मेंदीने तिघींचे हात भरले, शामाचे पायही. झोहर कापसाच्या बोळ्याने त्यावर लिंबू-साखरेचं पाणी लावत बसली होती. मेंदीवाली गेली, आणि नजियांनी ठेवणीतली गोष्ट बाहेर काढली.

त्यांनी स्वतःच्या आईचा पाचूचा चाप बरोबर आणला होता. शामाच्या आजीच्या सोन्याच्या कंबरपट्ट्याला तो बसवायचा. सकाळी अकराला सोनार सी तय्यिबकडे जायचं ठरलंही होतं. तो पट्टा तोलणार, दोन कड्या वितळवून चाप जोडणार. "माझ्या सुनेच्या कमरेला दोन्ही घरं असली पाहिजेत," त्या म्हणाल्या. हे मात्र त्या मनापासून बोलल्या होत्या, ते झोहरलाही जाणवलं.

पट्टा तुरियाने बरोबर आणला होता तो नजियांनीच फोनवर सांगितलं म्हणून, कापडाशी रंग जुळवायला. आता सगळ्यांना तो बघायचा होता. हात मोकळे फक्त झोहरचे. तिने पेटी उघडली, पट्टा दिव्याखाली धरला, सगळ्यांनी वाहवा केली. मग तिने पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली दोरीत ओवून तुरियाच्या गळ्यात बांधली. तुरियाने पट्ट्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. थकली असेल, असं झोहरला वाटलं.

झोपण्याआधी झोहरने हात धुतले, तरी बोटांना तांब्यापितळेची भांडी घासल्यासारखा वास येत होता. परत धुतले. आजच आणलेल्या तबकाचा असणार, असं म्हणून तिने तो विषय सोडून दिला.

तुरिया आणि शामा एका खोलीत, समोर नजिया, खाली दिवाणखान्यात अन्वार, स्वयंपाकघराशेजारी इत्तो. बाहेरच्या दाराची किल्ली झोहरच्या उशाखाली. उजाडताना तिने दार उघडलं ते दोघांसाठीच. अन्वार स्फेंज आणायला गेला आणि इत्तो पावाची फळी डोक्यावर घेऊन गल्लीच्या भट्टीवर.

म्हणजे पट्टा घराबाहेर गेला असेल, तर या दोघांपैकी एकाबरोबर गेला. झोहरने हे मनात म्हटलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

तीन

नजियांनी घर पालथं घातलं. गाद्या उलटल्या, अन्वारची गाडी तपासली, मोतिया कापडाचा तागा उलगडून बघितला. मग त्या इत्तोच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आत एक पत्र्याची पेटी होती, कुलूप लावलेली.

झोहरने आधी नाही म्हटलं. मग विचार केला की उघडू दे एकदाची, यांचं तोंड तरी बंद होईल. तिने इत्तोकडे बघितलं. इत्तोने किल्ली काढून दिली. पेटीत दोन झगे, पोरीचे फोटो आणि पोरीसाठी घेतलेले, आता तिला लहान होतील असे बूट होते. नजियांनी बूटसुद्धा झटकून पाहिले. त्यांचं तोंड काही बंद झालं नाही. उलट त्या म्हणाल्या की मुरलेले चोर घरात माल ठेवतच नाहीत.

मग झोहरने एकेकाला गाठायला सुरुवात केली.

अन्वारला तिने स्वयंपाकघरात घेतलं. स्फेंजवाला कोपऱ्यावर बसतो, मग माल गार कसा झाला? पोरगं आधी रांगेच्या गोष्टी सांगू लागलं. झोहर नुसती बघत राहिली, तसे त्याचे कान लाल झाले. कॉलेजातली एक मुलगी याच शहरातली होती. तो तिच्या खिडकीखाली जाऊन उभा राहिला होता, आणि ती खिडकीत आलीच नाही. हे सांगताना त्याचा चेहरा इतका पडला की झोहरचा विश्वास बसला. खोटं सांगायचं असतं तर पठ्ठ्याने तिला खिडकीत आणलं असतं.

तुरिया वर, भिंतीला टेकून बसली होती. रात्री काही ऐकलंत का, झोहरने विचारलं.

"मेल्यासारखी झोपले होते," तुरिया म्हणाली.

"गळ्यातली किल्ली कुणी काढली, परत घातली, तरी जाग नाही?"

"नाही."

ती झोहरकडे बघत नव्हती. झोहरला तो ठिबकणारा नळ आठवला, आणि मनात कुठेतरी बारीक खडा टोचला.

शामा खिडकीत होती, दोन्ही हात बाह्यांत ओढून. झोहर तिच्याशी बोलणार तोच नजिया आत आल्या. रागावलेल्या माणसाला बारीकसारीक गोष्टीही बोचतात. त्यांनी शामाचं मनगट धरून हात उजेडात ओढला. तळहातावर नक्षी होती, पण कशी, तर पाण्यात कालवलेल्या हळदीसारखी, फिकट पिवळट.

"बघा, बघा," नजिया म्हणाल्या आणि स्वतःचा लालभडक हात शेजारी धरला. "वाटी एकच, रात्रही एकच. आमच्या म्हाताऱ्या कातडीवर चढली आणि नवरीवर नाही. माझ्या घरात पाय टाकायची एवढी हौस आहे हिला."

"माझे हात गारच असतात," शामा म्हणाली, आणि हात परत बाहीत गेला.

इत्तो स्वयंपाकघरात भांडी घासत होती. अंगात लोकरीचा झगा होता आणि कपाळावर घाम. तिने सांगितलं ते एवढंच, की पहाटे पाणी घेऊन गेली तेव्हा शामा झोपलेली होती. आणि तुरिया भिंतीकडे तोंड करून पडली होती, पण डोळे उघडे होते.

वर नजियांचा आवाज आला. बांग व्हायला आता फारसा वेळ नव्हता आणि त्या पोलिसांचा नंबर शोधत होत्या. झोहरला काय करावं सुचेना. तिने नेहमीचाच उपाय काढला, खाण्याचा. माझ्या घरून कुणी उपाशी पोलिसांत जात नाही, असं ती जिन्याखालून ओरडली. इत्तो, टरबूज काप. ते आहे कुठे? फ्रीजमध्ये जागा नव्हती, इत्तो म्हणाली. रात्री सगळे झोपायला गेल्यावर तिने ते टोपलीत घालून विहिरीत सोडलं होतं.

चौकाच्या कोपऱ्यातली ती विहीर आता कुणी वापरत नाही. वर लाकडी झाकण असतं. इत्तोने झाकण सरकवलं आणि सगळ्यांसमोर दोरी ओढायला लागली. टोपली वर आली. इत्तोने आत बघितलं आणि तिच्या हातातली दोरी सुटता सुटता राहिली.

टरबुजाला वेढा घालून सोन्याचा कंबरपट्टा पडला होता.

चार

"झालं," नजिया म्हणाल्या. "टोपली तिची, दोरी तिची, विहिरीत काय आहे ते फक्त तिला माहीत. आणखी काय हवंय?"

इत्तोने टोपली फरशीवर ठेवली आणि ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली, जणू कुणीतरी तसं सांगितलं होतं. ती रडत नव्हती. झोहरला वाटलं, हिने आरडाओरडा करावा, शिव्या द्याव्यात, काहीही करावं. अन्वारने सुटकेचा श्वास टाकला. पट्टा मिळाला, आता सोनाराकडे जाता येईल, तो म्हणाला. बापड्याला काही कळत नव्हतं. अकरा कधीच वाजून गेले होते, पण सी तय्यिब जेवायला जाईपर्यंत थांबेल, असं नजियाही म्हणाल्या. आधी पोलीस, मग सोनार.

तेव्हा झोहरने तुरियाकडे बघितलं. हरवलेलं सोनं सापडल्यावर माणसाचा जीव भांड्यात पडतो. या बाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

झोहरने पट्टा उचलला. ओल्या बोटांना तोच वास आला. तबकाचा नव्हता तर. कालही नव्हता. लिंबू लागलेल्या बोटांना सोन्याचा वास येत नाही, तांब्यापितळेचा येतो.

ती खाली बसली आणि तिने डोकं दोन्ही हातांत धरलं. लोकांना वाटलं, बाईला मोलकरणीचं दुःख झालंय. झोहर विचार करत होती.

इत्तोने पट्टा चोरला असता तर ती पहाटे भट्टीवर गेली तेव्हाच तो पावाच्या फळीवर फडक्याखाली बाहेर गेला असता. अन्वारचंही तेच. ज्याला दार उघडं मिळालं तो चोरीचा माल विहिरीत कशाला टाकेल? आणि इत्तोला टोपली माहीत होती. दुपारी सगळ्यांदेखत आपणच वर ओढणार आहोत त्या टोपलीत पट्टा ठेवायला ती काय खुळी आहे? तो टोपलीत पडला, कारण टाकणाऱ्याला टोपली आहे हे माहीतच नव्हतं. अंधारात झाकण सरकवून त्याने तो खोल पाण्यात सोडला होता, पुन्हा कधी कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून.

सोनं कुणी असं फेकत नाही. फेकतो तो, ज्याला माहीत असतं की ते सोनं नाही. आणि ज्याला ते सोनाराच्या तराजूत जायला नको असतं.

मग राहता राहिले मोकळे हात. झोहरला पलंगाखाली वाकलेल्या मुलीचे तळवे आठवले, विटेसारखे लाल. वाटी एक, अंग एक, रात्र एक. पायांवर मेंदी चढली आणि हातांवर नाही. गार हातांची सबब पायांनी खोटी पाडली होती. हातांची मेंदी रात्रीच धुतली गेली होती.

"लल्ला नजिया," ती उठत म्हणाली, "बांगेपर्यंतचा वेळ तुम्ही दिला होतात. अजून झालेली नाही. शामा, माझ्याबरोबर गच्चीवर चल. पुदिना तोडायचाय."

"मी इथेच बसते," नजिया म्हणाल्या, फोन मांडीवर ठेवून. "पुदिना काय, झाड घेऊन या. बांग झाली की मी थांबणार नाही."

पाच

गच्चीवर ऊन मी म्हणत होतं. झोहरने कुंडीशी बसून खरंच दोन काड्या तोडल्या आणि मग सरळ विचारलं.

"तुला कधी कळलं, पट्टा खोटा आहे ते?"

शामाने नाही-बिही काही म्हटलं नाही. पोर सकाळपासून कुणीतरी विचारावं याचीच वाट बघत असावी. महिन्यापूर्वी तिने तो आई घरात नसताना घालून पाहिला होता. पांढऱ्या सदऱ्यावर कमरेभोवती हिरवट डाग पडला. तेव्हा तिला उमगलं की वडिलांच्या दवाखान्याचे पैसे कुठून आले होते. आईने खरा पट्टा मोडला होता आणि तसाच दुसरा मुलामा देऊन करून घेतला होता. मुलीला कळलंय हे आईला माहीत नव्हतं. शामाने सदरा जाळून टाकला आणि गप्प बसली. लग्नात घालू, परत पेटीत ठेवू, कुणाला पत्ता लागणार नाही, असा तिचा हिशेब होता. काल रात्री सोनाराचं नाव निघालं आणि तिचं धाबं दणाणलं.

"चोरी झाली तर निदान आईची इज्जत राहील, असं वाटलं," ती म्हणाली. "मावशी, शप्पथ, इत्तोवर येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"कुणाच्याच येत नाही, पोरी. म्हणून तर दर वेळी तिच्यावरच येतं."

शामा रडायला लागली. झोहरला तिची दया आली आणि त्याच वेळी तिला एक ठेवून द्यावीशीही वाटली. तिला नजिया ठाऊक होत्या. असल्या बाईसमोर हे उघडं केलं तर लग्न मोडेल, केनित्रा आणि रबात दोन्हीकडे तुरियाची छीथू होईल, आणि ही दोन्ही मुलं मान खाली घालून फिरतील. न सांगावं तर खाली एक बाई भर उन्हाळ्यात लोकरीचा झगा घालून भिंतीशी उभी होती.

"मी तुला ढकलणार नाही," ती म्हणाली. "पण बांग झाली आणि तू गप्प राहिलीस, तर मी बोलेन. एवढं सांगून ठेवते."

"आई मरेल."

"आई नाही मरत. इत्तो मागच्या खेपेलाच अर्धी मेली होती."

शामाने आपले फिके तळहात एकदा बघितले. तेवढ्यात पहिल्या मिनारावरून आवाज उठला, मग दुसऱ्या, मग शहरभर, आणि खाली चौकात नजियांची खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं.

सहा

नजिया फोन कानाला लावून उभ्या होत्या. शामा जिना उतरली, त्यांच्यापुढे जाऊन थांबली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

"पट्टा मी विहिरीत टाकला. रात्री मेंदी धुऊन. इत्तोने काही केलेलं नाही."

"खोटं बोलतेय ती," तुरिया कोपऱ्यातून म्हणाली. "मी टाकला. पट्टा पितळेचा आहे. खरा मी विकला, तिच्या बापाच्या औषधांसाठी. तिला यातलं काही माहीत नाही."

नजियांनी फोन खाली घेतला. मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि शामाला तेव्हा कळलं की आईलाही सगळं माहीत होतं.

"तुरिया, तुझे हात बघ," झोहर हळू आवाजात म्हणाली. "लाल आहेत. तू रात्रभर मेंदी सोडलेली नाहीस. पण तू जागी होतीस."

तुरियाने मान हलवली. होय, ती जागी होती. गळ्यापाशी कुणाची तरी ओली, गार बोटं लागली होती. किल्ली गेली, आणि थोड्या वेळाने परत आली. "लेकीची बोटं आईला कळत नाहीत का," ती म्हणाली. "मला वाटलं, तिला कळलंय आणि ती मला वाचवतेय. मी डोळे उघडले असते तर दोघींना बोलावं लागलं असतं."

"आणि सकाळी?" झोहरचा आवाज आता चढला. "सकाळी तर डोळे उघडे होते ना? ही बाई भिंतीशी उभी राहिली तेव्हा? तू लेकीसाठी गप्प, लेक तुझ्यासाठी गप्प, आणि तुम्हा दोघींच्या मायेखाली चिरडायची कोण, तर माझी इत्तो."

तुरियाने आपले लाल हात बाह्यांत ओढून घेतले.

नजियांनी टोपलीतला पट्टा उचलला, उजेडात धरला, अंगठ्याने घासला, नाकाशी नेला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. अन्वारला तर आत्ता कुठे उलगडा होत होता. तो आईजवळ जाऊन बसला आणि बापाच्या औषधांबद्दल काहीतरी विचारायला लागला आणि मध्येच थांबला. नजियांनी पट्टा पेटीत ठेवून झाकण लावलं. मग पाचूचा चाप पिशवीतून काढून हातात धरला आणि परत ठेवला.

"लग्न मोडायला मी काही खुळी नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "लग्नाचं कापडही घेऊन झालंय. पट्टा नवरी सजवणाऱ्या बाईकडून भाड्याने आणू. निम्मं रबात भाड्याचाच घालतं आणि घरचा म्हणून सांगतं. आपणही तेच सांगू. पण शामा, यापुढे माझ्या घरात खोटं बोलायचं झालं तर आधी मला विचारून बोलायचं. मला ते जास्त चांगलं जमतं."

शामा हसली की रडली ते कुणालाच नीट कळलं नाही. तुरियाने नजियांचा हात धरायला हात पुढे केला. नजियांनी तो धरू दिला, पण मान दुसरीकडे वळवून. सगळं विसरायला त्यांना बरीच वर्षं लागणार होती, आणि ती त्या वसूलही करणार होत्या.

मग त्यांना आठवण झाली आणि त्या इत्तोकडे वळल्या. चूक झाली म्हणायची त्यांना सवय नव्हती. "बाई, गैरसमज झाला," त्या म्हणाल्या. शामा तर सरळ इत्तोच्या पायाशी बसली. इत्तोने तिला उठवलं, पण माफ केलं असं म्हणाली नाही. टरबूज गरम होतंय, एवढंच म्हणाली. तिने ते कापलं, फोडी तबकात लावल्या, सगळ्यांपुढे ठेवल्या. कुणाला भूक नव्हती, तरी सगळ्यांनी खाल्ल्या.

दुपार कलताना गाडी गेली. जाताना नजिया दारातल्या दारात म्हणाल्या की पाहुणघर चांगलं आहे, फक्त उशा कडक आहेत.

झोहर स्वयंपाकघरात आली. तिला हलकं वाटत होतं, खरं तर थोडा गर्वही वाटत होता. सकाळपासूनचा सगळा गुंता तिने सोडवला होता, आणि तिची इत्तो घरातच होती. इत्तोने लोकरीचा झगा काढून ठेवला होता आणि ती पाठमोरी उभी राहून विळी धूत होती.

"चहा मी करते आज," झोहर म्हणाली. "तू बस."

इत्तोने हात पुसले. झग्याच्या खिशातून तिने आपल्या पत्र्याच्या पेटीची किल्ली काढली आणि झोहरच्या तळहातावर ठेवली.

"ही तुमच्याकडेच राहू द्या, लल्ला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पुन्हा कुणाला बघायची असली तर मला विचारायला नको."

सकाळी ही किल्ली मागताना आपण नुसतं तिच्याकडे बघितलं होतं, हे झोहरला आठवलं. चुलीवर पाणी उकळायला लागलं, तरी ती किल्ली हातात धरून तशीच उभी होती.